कोटेशनमधलं एसओएसचं बटण आधी काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

सोलापुरात इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान चालवणाऱ्या ३७ वर्षांच्या एका वाचकाने लिहिलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा त्यांनी एका मित्राबरोबर व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पूर ओसरला, ग्रुप राहिला. आज तीन ग्रुप मिळून सुमारे ९०० माणसं आहेत. त्यात ट्रेकिंगवाले आहेत, निवृत्त होमगार्ड आहेत, प्रथमोपचार शिकवणाऱ्या दोन नर्स आहेत, हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवहनाचा नाद असलेले आहेत आणि कॉलेजची पोरंही आहेत. दर रविवारी सकाळी ३०-४० जण मैदानावर जमतात. दोरीच्या गाठी, पाणी गाळण्याच्या पद्धती, सीपीआर, घरात भरून ठेवायची आपत्कालीन पिशवी असं काही ना काही चालतं. आता सगळ्यांचा आग्रह आहे की आपलं नाव, आपला लोगो असलेलं स्वतःचं ॲप हवं. एका स्थानिक डेव्हलपरने पहिल्यापासून ॲप बांधायचे साडेचार लाख सांगितलेत. दुसरा पर्याय म्हणजे तयार प्लॅटफॉर्म घेऊन त्यावर आपलं नाव लावायचं. त्याचं भाडं दरमहा, तेही डॉलरमध्ये. मित्र म्हणतो, निम्मे-निम्मे घालू, महिन्याला ९९ रुपये वर्गणी ठेवू आणि ॲपवरूनच आपत्कालीन किट विकू. पत्नी म्हणते, मुलीच्या शिक्षणाची एफडी यासाठी मोडायची नाही. ‘ताई, लोक तयार आहेत, वेळही योग्य आहे. तरी माझं पाऊल पुढे पडत नाही. ॲप करू की नको? केलं तर कोणतं?’

ताईंचं उत्तर:

साडेचार लाखांचं ॲप आत्ता करू नका आणि एफडीला हात लावू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. ॲपच नको असं मात्र माझं म्हणणं नाही. तुमच्या मंडळींना एक चांगली जागा हवी आहे, ती मिळायलाच हवी. फक्त ती कशासाठी हवी आहे, याचं उत्तर तुमच्या पत्रात तीन ठिकाणी तीन वेगवेगळं आलं आहे.

कोटेशनची प्रत जोडलीत ते बरं केलंत. त्यात लॉगिन, प्रोफाइल, चर्चा, कार्यक्रमांचं कॅलेंडर, पेमेंट हे सगळं नेहमीचंच आहे. मध्येच एक ओळ आहे: ‘एसओएस बटण, एका स्पर्शात सर्व सभासदांना लोकेशनसह सूचना.’ डेव्हलपरने ती हौसेने घातली असेल, तुम्हालाही ती आवडली असेल. मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली.

असं समजा की तुमचं ॲप तयार आहे. विजापूर रोडवरच्या एका घरात रात्री अडीचला वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. मुलाच्या फोनवर तुमचं ॲप आहे, तो बटण दाबतो. ९०० फोनवर सूचना जाते. त्यातले बहुतेक फोन सायलेंटवर उशाशी पडलेले. काहींनी नोटिफिकेशनची परवानगीच दिलेली नाही, कारण अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला ती मागून घ्यावी लागते. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲपं बंद करून टाकतात. चार जण जागे होतात आणि ‘काय झालं?’ असं विचारतात. मुलगा उत्तर टाइप करत बसतो. आपल्या माणसांना कळवलंय, कुणीतरी येईल, या भरवशावर त्याची पाच-सात मिनिटं जातात. तेवढ्यात १०८ ला फोन लागून रुग्णवाहिका निघालीसुद्धा असती.

बटण दिलं की वचन दिलं. ते पाळायला रात्रंदिवस फोनपाशी बसणारी, शिकलेली, पगारी माणसं लागतात. ११२ च्या मागे ती आहेत, अग्निशमन दलाच्या १०१ च्या मागे आहेत, जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ च्या मागे आहेत. तुमच्या मागे दुकान आणि रविवारची सकाळ आहे. म्हणून ते बटण काढा. त्या जागी हे तीन आणि १०८ असे चार नंबर मोठ्या अक्षरांत ठेवा, दाबलं की थेट फोन लागेल असे. डेव्हलपरचं कामही कमी होईल.

धोक्याच्या इशाऱ्यांचंही तेच. पत्रात तुम्ही लिहिलंय की पुराच्या वेळी सरकारी माहिती उशिरा येत होती, म्हणून आपलं स्वतःचं अलर्ट देणारं ॲप हवं. ही तळमळ मला पटते. पण इशारा देण्याची व्यवस्था आता बरीच पुढे गेली आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप आहे. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ आहे, हवामान खात्याचं ‘मौसम’ आहे. २०२३ मध्ये एके दिवशी सगळ्यांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले होते, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. त्या पद्धतीत टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकदम संदेश जातो, नंबर माहीत असावा लागत नाही की ॲप लागत नाही. त्या तोडीचं काम तुमच्या सर्व्हरवरून होणार नाही आणि व्हावं अशी गरजही नाही. शिवाय आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ चं कलम ५४ बघून ठेवा. आपत्तीबद्दल किंवा तिच्या तीव्रतेबद्दल खोटा इशारा देऊन घबराट पसरवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ९०० माणसांच्या जागेवर कुणी काय टाकलं याची चौकशी झाली तर पहिला फोन तुम्हालाच येणार.

तेव्हा इशारा आणि सुटका तुमच्या यादीतून बाहेर. मग आत काय उरतं? माझ्या मते खूप उरतं, आणि तेच तुमचं खरं बळ आहे.

तुम्ही पत्रात पुराच्या रात्रीचा एक प्रसंग लिहिलाय. कुणीतरी ग्रुपवर विचारलं, ‘पुणे रोडवरचा सीनेचा पूल चालू आहे का?’ तासाभरात शंभरावर मेसेज आले. एक म्हणाला चालू, एक म्हणाला बंद, एकाने व्हिडिओ टाकला तो भलत्याच गावचा निघाला. खरं उत्तर, नाक्यावर उभ्या असलेल्या एका सभासदाने वेळेसकट टाकलेलं, मध्येच कुठेतरी गाडलं गेलं. तुम्ही यावरून निष्कर्ष काढलात की व्हॉट्सॲप अपुरं आहे, ॲप हवं. मला यात दुसरं दिसतं. त्या रात्री एक साधा नियम कमी पडला. मेसेजमध्ये ठिकाण, वेळ आणि ‘मी स्वतः पाहिलं’ की ‘ऐकलं’ हे लिहिल्याशिवाय टाकायचं नाही, आणि एकाच माणसाने खात्रीचं उत्तर वर पिन करायचं. हा नियम नसेल तर साडेचार लाखांच्या ॲपमध्येही शंभर मेसेज येतील आणि खरं उत्तर तिथेही गाडलं जाईल. नियम असेल तर आहे त्या ग्रुपमध्येही आजपासून निम्मं काम होतं. पावसाळ्याच्या आधी तीन-चार जणांना या कामाला नेमा आणि त्यांची पाळी ठरवा.

भूकंपाच्या अफवेलाही हाच नियम लावा. आपल्याकडे थोडं हादरलं की ‘आज रात्री मोठा येणार’ असे मेसेज फिरायला लागतात. भूकंप कधी होणार हे तारीख-वेळ देऊन जगात कुणालाही सांगता येत नाही. हे वाक्य पिन करून ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, किल्लारीत जे झालं त्याचा हादरा सोलापूरने सोसलाय. कितीतरी जखमी उपचाराला इथे आणले होते. त्या पिढीच्या मनात ती भीती अजून आहे, आणि अफवा नेमकी तिथेच जाऊन बसते. किल्लारीतली माणसं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन गेली. अशी घरं आपल्या जिल्ह्यातही गावोगाव उभी आहेत. ती ओळखायला आणि मजबूत करून घ्यायला शिकवणारा एखादा इंजिनिअर तुमच्या रविवारी आला, तर ते काम कुठल्याही नोटिफिकेशनपेक्षा मोलाचं होईल.

आता ‘लोक तयार आहेत’ या वाक्याकडे येते. ग्रुपमध्ये ९०० आणि मैदानावर ३०-४०, हे आकडे तुमचेच आहेत. यात वाईट काही नाही, हौशी मंडळांचं प्रमाण असंच असतं. पण ॲपचा हिशोब ९०० वर करू नका. ग्रुपमध्ये राहायला काही करावं लागत नाही. ॲपसाठी प्ले स्टोअरवर जायचं, फोनमध्ये जागा करायची, ओटीपी घालायचा, प्रोफाइल भरायचं, आणि मुख्य म्हणजे आठवणीने उघडायचं. पूर नाही, भूकंप नाही, अशा मंगळवारी दुपारी ते कोण आणि कशासाठी उघडेल? या प्रश्नाला तुमच्याकडे ठोस उत्तर असेल तरच ॲप जगेल. माझ्या अंदाजाने शंभर-दीडशे माणसं खरी येतील. तेवढ्यांसाठी जे परवडतं ते करा.

आणि जी माणसं ग्रुपमध्येच नाहीत, त्यांचं काय? १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. कारखान्यातच राहतं घर होतं. आपल्या पूर्व भागात खाली माग आणि वर किंवा मागे घर अशी रचना किती ठिकाणी आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सूत, कापड, एकच जिना, खिडक्यांना पक्क्या जाळ्या, रात्री शटरला आतून कुलूप. अशा घरातल्या माणसाला ॲपची गरज नाही. त्याला धूर झाल्यावर वाजणारी बॅटरीवरची घंटा हवी, आतून उघडणारी एक जाळी हवी, कुलपाची किल्ली दाराशेजारी खिळ्याला हवी. तुमच्यातल्या दहा जणांनी ओळखीच्या वीस घरांत जाऊन, घरच्यांच्या परवानगीने, रात्री वीज गेली असं धरून बाहेर पडायचा सराव करून घेतला तर? हे जमेल असं मला मनापासून वाटतं, कारण तुमच्याकडे निवृत्त होमगार्ड आहेत आणि त्यांना लोकांशी कसं बोलायचं ते कळतं.

पूर्व भागात जाल तेव्हा मराठी पत्रक पुरणार नाही. तिथे घराघरांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड आहे, शहराच्या मोठ्या भागात उर्दू-दखनी. विडी वळणाऱ्या बायकांच्या घरात फोन बऱ्याचदा एकच असतो आणि तो नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर बाहेर गेलेला असतो. कोटेशनमध्ये ‘भाषा: मराठी, इंग्रजी’ एवढंच आहे. तुमच्या सभासदांपैकी जे घरी तेलुगू-कन्नड बोलतात त्यांच्याकडून दोन-दोन मिनिटांचे आवाजी संदेश करून घ्या. उष्माघात कसा ओळखायचा, विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी काय करायचं, पुराच्या पाण्यातून गाडी का घालायची नाही. आवाज ऐकायला अक्षरओळख लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखाली काम करणाऱ्यांना पहिल्या संदेशाचा लगेच उपयोग होईल. पूर आणि भूकंप कधीतरी येतात, ऊन आपल्याकडे दरवर्षी येतं. तयारीच्या हौशी मंडळींचं उन्हाकडे दुर्लक्ष होतं, कारण त्यात दोरीच्या गाठींसारखं थरारक काही नाही. तुमच्या रविवारच्या विषयांतही ऊन कुठे दिसलं नाही.

मग ॲप नेमकं कशाला उपयोगी? जे व्हॉट्सॲपवर वाहून जातं ते जपायला. ‘पाण्याचा फिल्टर कुठला घ्यावा?’ हा प्रश्न तुमच्या ग्रुपवर दर महिन्याला येत असणार आणि उत्तर देणारा तोच एक माणूस आता कंटाळला असणार. ते उत्तर एकदा नीट लिहून, विषयवार, शोधता येईल असं ठेवता आलं पाहिजे. कोण कोणत्या सत्राला आलं, कुणाचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी झालं, उजळणी कधी आहे, याची नोंद हवी. उजनीतून किंवा सीना-कोळेगावमधून पाणी सोडल्याची बातमी येते तेव्हा क्युसेक म्हणजे काय आणि ते पाणी आपल्या गावापर्यंत यायला साधारण किती वेळ लागतो, हे समजावणारं पान हवं. भीमाकाठच्या आणि सीनाकाठच्या जुन्या माणसांना हे हिशोब तोंडपाठ असतात, त्यांच्याकडून लिहून घ्या. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसात पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. मुसळधार पावसात भिंतीच्या आडोशाला का थांबू नये, हे सांगायला तो एकच दाखला पुरेसा आहे. हे सगळं इंटरनेट नसतानाही उघडलं पाहिजे. टॉवरची बॅटरी संपली की नेटवर्क जातं, हे बॅटरीच्या धंद्यातल्या माणसाला मी काय सांगणार.

आणि त्या ॲपमधून कागद निघाला पाहिजे. घरातल्या माणसांची नावं, रक्तगट, रोजच्या गोळ्या, परगावच्या एका नातेवाइकाचा नंबर, चुकामूक झाली तर भेटायची जागा, आणि ते चार नंबर. एवढं भरलं की अर्ध्या पानाचं कार्ड छापून मिळावं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवता यावं. ही माहिती फोनमध्येच राहावी, तुमच्या सर्व्हरवर येऊ नये, असं डेव्हलपरला स्पष्ट सांगा.

माहितीचं इतकं ताणून धरायचं कारण असं. कुणाच्या घरी म्हातारे आई-वडील एकटे आहेत, कुणाच्या घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, कुणाकडे महिनाभराचं धान्य आणि जनरेटर आहे, कोण कधी ट्रेकला गेल्यामुळे घर बंद आहे, हे सगळं एका यादीत आलं तर ती यादी चोराच्या फार कामाची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेताय हे साध्या भाषेत सांगायचं, संमती घ्यायची, कुणी ‘पुसून टाका’ म्हटलं तर पुसायची. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते, आणि तुमच्याकडे कॉलेजची पोरं आहेत, त्यांत अकरावी-बारावीची नक्की असतील. नाव आणि फोन नंबर यापलीकडे काही मागूच नका. आधार तर अजिबात नको.

दोन पर्यायांबद्दल. साडेचार लाख हा पहिला खर्च असतो. ॲप बांधून झालं की सर्व्हरचं भाडं सुरू होतं. ओटीपीचे एसएमएस पाठवायचे तर टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी प्रणालीत (नको असलेले मेसेज रोखण्यासाठीची यंत्रणा) नोंदणी आणि मेसेजचा मजकूर मंजूर करून घेणं आलं. ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर आणि गुगलकडे एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली की ॲपही सुधारून द्यावं लागतं, नाहीतर काही काळाने नव्या फोनवर ते दिसेनासं होतं. डेव्हलपर तोपर्यंत पुण्याला नोकरीला गेला तर? हा प्रश्न त्याच्या तोंडावर विचारा, चांगला मुलगा असेल तर रागावणार नाही.

म्हणून मी तयार प्लॅटफॉर्मच्या बाजूने आहे, आणि तोही लगेच आपल्या नावाने नको. आधी व्हॉट्सॲप कम्युनिटी करून तिन्ही ग्रुप एका छत्राखाली आणा. घोषणांच्या ग्रुपवर फक्त नेमलेली माणसं लिहितील असं ठेवा. मग शंभर उत्सुक माणसं घेऊन एखाद्या तयार प्लॅटफॉर्मची साधी, स्वस्त किंवा फुकट आवृत्ती एक पावसाळाभर वापरून बघा. त्यावर लोगो त्यांचा असेल, चालू दे. किती जणांनी डाउनलोड केलं हे मोजू नका. तुम्ही ग्रुपवर आठवण न करता किती जण आठवड्यातून एकदा आले, किती प्रश्नांना तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी उत्तर दिलं, आणि त्यातले किती नवे चेहरे रविवारी मैदानावर दिसले, एवढं वहीत लिहा. दिवाळीपर्यंत तीस-चाळीस माणसं अशी नियमित दिसली तर नाव लावलेल्या ॲपचा विचार करा, आणि त्याचं भाडं सभासदांनी वर्षाची वर्गणी काढून भरावं. तीस-चाळीस जणसुद्धा खिशात हात घालायला तयार नसतील, तर ॲपचा आग्रह नुसता बोलण्यापुरता होता असं समजा.

करार करायची वेळ आली तर काही गोष्टी लेखी घ्या. गुगल आणि ॲपलकडची खाती तुमच्या संस्थेच्या नावावर असावीत, डेव्हलपरच्या नाही. संस्थेच्या खात्यासाठी डन्स नंबर (D-U-N-S, संस्थांचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो, आणि त्यासाठी आधी संस्थेची नोंदणी. वैयक्तिक खातं काढलंत तर गुगल बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यायला सांगतं. तुमच्याकडे माणसांची ददात नाही, तेव्हा त्याचं दडपण घेऊ नका. भाडं थांबलं तर आपला मजकूर आणि सभासदांची यादी कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे प्लॅटफॉर्मवाल्याला सही करण्याआधी विचारा. ‘मिळेल हो’ हे उत्तर धरू नका, त्यांच्या नियमांतला मजकूर दाखवायला सांगा.

नावाबद्दलही एक सांगते. तुम्ही सुचवलेल्या नावांत ‘सोलापूर जिल्हा आपत्ती’ असे शब्द आहेत आणि लोगोच्या कच्च्या चित्रात सरकारी राजमुद्रेतल्या सिंहांसारखं काहीतरी दिसतंय. ते नको. राजमुद्रेचा गैरवापर कायद्याने बंद आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, संकटात सापडलेला माणूस ते बघून सरकारी ॲप समजेल आणि तुमच्यावर विसंबेल. नाव असं घ्या की ऐकताच कळावं, ही शिकणाऱ्यांची आणि सराव करणाऱ्यांची मंडळी आहेत.

किट विकण्याच्या मुद्द्यावर तुमच्या मित्राशी माझं पटणार नाही. धंदा वाईट नाही, तुम्हीही दुकानदार आहात. पण ज्या पानावर ‘भीमेची पातळी वाढतेय’ लिहिलंय त्याच्याच खाली ‘किट आजच मागवा’ आलं, की वाचणाऱ्याला वरची ओळही जाहिरात वाटायला लागते. तुमच्या दुकानाची बॅटरी कुणाला घ्यायची असेल तर तो तुम्हाला ओळखतोच. माहिती सगळ्यांना मोफत ठेवा, ९९ रुपयांच्या भिंतीआड नको. पैसे घ्यायचेच तर दिवसभराच्या प्रशिक्षणाचे घ्या, दोऱ्या, सीपीआरच्या सरावाचे पुतळे, बँडेज यांना खर्च येतो, लोक आनंदाने देतील. किटमध्ये काय असावं याची यादी द्या आणि ती आपल्या मंगळवार पेठेतल्या कुठल्याही दुकानातून कशी भरता येईल ते सांगा. मित्राला हे रुचलं नाही तर त्याने विक्री स्वतःच्या नावाने, मंडळींपासून वेगळी करावी. तोंडी ‘निम्मे-निम्मे’वर मात्र एक रुपयाही घालू नका.

वहिनींच्या बोलण्याकडे तुम्ही ‘विरोध’ म्हणून बघताय, असं पत्राच्या सुरावरून वाटलं. त्या एफडीबद्दल बोलल्या, कामाबद्दल नाही. एका रविवारी त्यांना आणि मुलीला मैदानावर घेऊन जा. घरातली पिशवी भरायचं सत्र त्याच घेऊ शकतील. घरात काय कुठे आहे आणि काय कधी संपतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

अशाच कामात असलेले दुसऱ्या गावचे वाचकही हे वाचत असतील, म्हणून शेवटची एक सूचना सगळ्यांनाच. जिल्हाधिकारी कार्यालयात आपत्ती व्यवस्थापनाचा कक्ष असतो. तिथे एक अर्ज घेऊन जा. त्यात तुमच्या मंडळींची संख्या, कुणाला काय येतं, आणि कोणत्या भागात तुम्ही राहता एवढंच लिहा. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं जातं. आपल्या जिल्ह्यात पुढची तुकडी कधी आहे ते विचारा आणि पाच-सहा नावं द्या. आषाढी वारीच्या आधी गेलात तर बरं, त्या दिवसांत प्रशासनालाही शिकलेल्या हातांची गरज असते. डेव्हलपरला आणि प्लॅटफॉर्मवाल्यांना उत्तर द्यायची घाई नाही. त्यांना कळवा की निर्णय दिवाळीनंतर होईल, आणि सुधारित कोटेशन मागवा, एसओएसची ओळ वगळून आणि देखभालीचा वर्षाचा खर्च वेगळा दाखवून.